रोहिणी किती दूर आहे

आगगाडीचे रूळ अकोल्यालाच संपले. पुढे अमरावतीला बहिणीकडे जायचे, तर बैलांशिवाय गती नव्हती. कापसाला सोन्याचा भाव आलेला, त्यामुळे रिकामी बंडी (बैलगाडी) मिळेना. शेवटी स्टेशनावर कापूस उतरवून परत निघालेल्या सखाराम नावाच्या शेतकऱ्याने मला घेतले. सोबत त्याची म्हातारी माय होती.

पुण्यात मी मुलांना खगोल शिकवतो आणि ऐकणारा सापडला की मला राहवत नाही. मुक्कामावर सांगितले, "तारे इतके दूर आहेत, की आज दिसणारा उजेड तिथून कित्येक वर्षांपूर्वी निघालेला असतो." हे सांगताना माझ्याच पोटात खड्डा पडतो, ते मात्र सांगितले नाही.

माय माझ्या भाकरीवर ठेचा ठेवत म्हणाली, "तेवढ्या दूर जाऊन कोनं पाह्यलं?"

मी ठेचा खाल्ला आणि घाईने पाणी मागितले.

सखारामला तारे नको होते. त्याचा उरलेला कापूस अमरावतीच्या बाजारात उघड्यावर होता, राखणीला धाकटा भाऊ महादू. "थो कापसावरच निजते," तो सारखा म्हणे. "ठिणगी पडली तं जागा बी होनार नाई."

तिसऱ्या दिवशी अमरावती दोन कोसांवर आली आणि अंधार पडला. समोर, बरोबर गावाच्या दिशेला, धुळीत लाल काहीतरी थरथरत होते.

"आग!" ओरडलो मीच.

सखाराम कासरा टाकून "महादू, महादू" करत धावत सुटला. मी मागोमाग उडी मारली, चाकोरीत पडलो आणि एक जोडा गमावला.

माय बंडीतून हललीसुद्धा नाही. "सख्या, थांब! कृत्तिका वर आल्या ना? त्याइच्या मांगं रोहिणीच येते. आग जाग्यावर राह्यते, चांदनी चढते. उभा राय जरासा."

आम्ही उभे राहिलो. लाल ठिपका बाभळीचा शेंडा सोडून सावकाश वर आला आणि स्वच्छ झाला. सखाराम रस्त्यातच बसून हसू लागला, रडूही लागला. इतके हलके मलाही कित्येक दिवसांत वाटले नव्हते.

नाक पुसत त्याने विचारले, "पंतोजी, हे किती दूर हाय?"

"बंडीने निघालास, तर हजार पिढ्या सरतील, वाट सरायची नाही."

"लय बरं झालं," तो म्हणाला.

बाजारात महादू कापसावर घोरत होता. सखारामने त्याला आधी लाथ घातली, मग पोटाशी धरले.

पुण्याला परतून महिना झाला. ताऱ्यांची अंतरे मी अजून शिकवतो, पण आता पोटात खड्डा पडत नाही. संध्याकाळी रोहिणी दिसली की तिला मनात म्हणतो, राहा बाई तिकडेच. आमचा महादू झोपला आहे.