लोडरवाली वयनी

आमची वयनी लोडरवर चढली की बोलायची बंद व्हायची. एरवी ती घरातली सगळ्यात बोलकी बाई. भाजी चिरताना बोलायची, रोपांना पाणी घालताना बोलायची, रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला थांबवून त्याच्या म्हशीची चौकशी करायची. पण लोडरच्या सीटवर बसून तिनं सुरक्षेचा आडवा दांडा मांडीवर ओढून घेतला की तोंडाला कुलूप. ओठ घट्ट मिटलेले, भुवया जवळ आलेल्या, नजर पुढच्या बकेटच्या, म्हणजे माती उचलायच्या लोखंडी सुपाच्या, धारेवर. खाली उतरल्यावर मात्र अर्धवट राहिलेलं वाक्य ती तिथूनच पुढे सुरू करायची.

कसालला हमरस्त्यापासून थोडं आत आमचं घर आणि घरामागे रोपवाटिका. बागा करून देणं हा आमचा धंदा. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, वयनीच्या नवऱ्यानं, तो सुरू केला. किनाऱ्यावर राहायच्या-जेवायच्या सोयीची घरं वाढत गेली, तशी आम्हालाही कामं मिळत गेली. कुठे हिरवळ लावायची, कुठे उतारावर जांभ्या चिऱ्याचे बांध घालून टप्पे करायचे. सगळं माणसांच्या डोक्यावरून. मालवणाकडच्या वाड्यांत जायच्या पाणंदी एवढ्या अरुंद की दोन्ही बाजूंच्या दगडी गडग्यांमधून जेसीबी आत शिरणं अशक्य. चिरे, माती, शेणखत, सगळं बायका घमेल्यांतून नेत. म्हणून दादानं खूप विचार करून एक छोटा लोडर घेतला. पाच फूट रुंद, चार चाकांचा, जागच्या जागी गोल फिरणारा. तो घरी आला आणि पंधराव्या दिवशी दादा अंगणात बसल्या जागी गेला. छातीत कळ आली एवढंच त्याला सांगता आलं.

दिवसकार्य आटोपल्यावर मी यंत्र परत देण्याची बोलणी करून आलो. मला ते चालवायची हिंमत नव्हती आणि बाहेरचा चालक ठेवणं परवडणारं नव्हतं. वयनी मागीलदारी भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबल, मशीन परत धाडू नको. मी बसतंय."

"वयनी, ता काय शिलाईचा मशीन आसा?"

"नाय. पण ह्यांका शिकवताना मी थंयच उभी हुतंय. मिया सगळा बघलंय."

कापणी झालेल्या आमच्या मळ्यात ती शिकली. बकेटमध्ये काठोकाठ पाणी भरायची आणि एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत न्यायची. पहिल्या आठवड्यात पोचेपर्यंत निम्मं पाणी सांडायचं. महिन्याभरानं थेंब सांडेना. नऊवारी नेसणाऱ्या तिच्या सासूबाईंनी, म्हणजे माझ्या आईनं, तिला दादाच्या जुन्या पँटी कमरेत आत घेऊन दिल्या. गावात कुजबुज झाली. वयनीनं ती ऐकली आणि कुजबुजणाऱ्यांपैकी दोघींच्या घरची विहिरीकडची वाट सपाट करून दिली. मग कुजबुज थांबली.

मी एकदा तिला विचारलं, "तुका भीती नाय वाटणा?"

"वाटता. म्हणान तर हळू चलवतंय," ती म्हणाली.

त्या छोट्या यंत्रानं आमचं काम पालटलं. जे चिरे वाहायला आठ बायकांना दोन दिवस लागत, ते दुपारपर्यंत जागेवर पडू लागले. मुळांच्या गोळ्यासकट माड उचलून दुसरीकडे लावता येऊ लागला. अंगणातला क्रूस, तुळस, विहिरीचा कठडा, कशालाही धक्का न लावता वयनी वळणं घ्यायची. पण लोडर आला तेव्हा आमच्याकडे सर्वांत जुनी कामकरीण शेवंती घाबरली होती. "आता आमच्या डोक्याक काम नाय," ती म्हणाली. वयनी म्हणाली, "डोक्याक नाय, हाताक आसा. डोक्या विचार करूक ठेव." आणि खरोखरच तिनं एकाही बाईला कमी केलं नाही. शेवंती बांध रचायला शिकली. तिनं रचलेल्या बांधातून पावसात माती वाहून जायची नाही.

वयनीचा एक नियम फार कडक होता. लोडर चालू असताना बाहेर एक माणूस उभा हवाच, आणि त्यानं दुसरं काहीही करायचं नाही. "मशीनीत बसलेल्या माणसाक आयकाक येणा नाय. मागचा दिसणा नाय. माझे कान भायर उभे रवतत," असं ती म्हणायची. ते कान म्हणजे मी. दोन्ही हात वर केले की तिनं लगेच थांबायचं आणि मागे यायचं, अशी आमची खूण ठरलेली.

एका कामावर मला गिऱ्हाइकाचा फोन आला. मी घेतला. रोपांच्या जाती सांगता सांगता माझी पाठ कधी वळली, कळलंच नाही. लोडर मागे येत होता आणि शेवंती पडलेला कोयता उचलायला नेमकी त्याच्यामागे वाकली होती. मी ओरडण्याआधीच इंजिन बंद झालं. आरशात निळ्या लुगड्याचा पदर हलला, म्हणून वयनी थांबली. चाक आणि शेवंतीची पाठ यांच्यात वीतभर अंतर होतं.

वयनी खाली उतरली. शेवंतीला तिनं हाताला धरून सावलीत बसवलं, पाणी दिलं. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. ती हळू आवाजात म्हणाली, "आज ह्या बायेच्या पोरांका काय सांगतलंस तू?" तिनं काम बंद केलं, सगळ्यांना घरी पाठवलं. त्या रात्री आणि दुसरा अख्खा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि बाहेर उभं राहायला दुसऱ्या कुणाला सांग म्हणालो. ती म्हणाली, "नको. तूच उभो रव. चुकलेलो माणूस जास्त बघता."

पुढच्या वर्षी आमचं काम मिठबावला चाललं होतं. तिथे एका निवृत्त शिक्षिकेच्या घराभोवती आम्ही बाग करत होतो. सगळं गाव त्यांना टीचरबाई म्हणायचं. एकट्याच राहायच्या. त्यांच्या घरामागे डोंगराचा उभा कापलेला कडा होता आणि कड्याच्या बाजूला स्वयंपाकाची पडवी. त्या कड्याचे टप्पे करायला हवेत, असं वयनीनं उन्हाळ्यातच सांगितलं होतं. पण समोरची बाग आधी झाली आणि पाऊस लागला. लोडर त्यांच्या माडांखाली ताडपत्री घालून ठेवलेला होता. दोन दिवस पावसानं उघडीप दिली नव्हती, म्हणून रोपं कुजली की काय बघायला वयनी, शेवंती आणि मी सकाळी तिकडे गेलो.

पाणंदीतच लोक धावताना दिसले. नुकतीच दरड आली होती. पडवीचं मागचं दार चौकटीच्या वरपर्यंत मातीत गेलं होतं. पडवीचं अर्धं छप्पर आतल्या दारावर कोसळलं होतं, त्यामुळे घरातून जायची वाटही बंद. त्या छपराच्या वाशांना हात लावला तर उरलेलं छप्परही खाली येईल, अशी स्थिती. टीचरबाई आत होत्या. भिंतीत वर एक छोटा झरोका होता, त्यातून त्यांचा आवाज येत होता.

"मला लागलेलं नाही. पण पाणी येतंय. घोट्याच्या वर आलंय."

बाहेरून मोठं यंत्र मागवलं होतं, पण ते पाणंदीच्या तोंडाशीच अडकलं असतं. घर आणि कडा यांच्यामध्ये जेमतेम सहा फुटांची बोळ. वयनीनं कड्याकडे पाहिलं, बोळ पाहिली आणि ताडपत्री ओढून काढली. मला म्हणाली, "तू थंय, माका समोर दिसतलंस असो, विहिरीच्या कठड्यार उभो रव. कडो सोडून खंयच बघू नको. माझ्याकडेव नको."

ती लोडर घेऊन बोळीत शिरली, पण दाराकडे गेली नाही. डाव्या कोपऱ्यात पाणी जायचा चर होता, तो मातीनं बुजला होता. ती तो उकरू लागली. लोक ओरडायला लागले, "गे, दार खंय नि तू खंय खणतंस! बाई मरतली थंय!" तिला ऐकू जात नव्हतं. पायथ्याची माती आधी काढली असती तर वरचा सगळा भार खाली आला असता, हे तिनं ताडलं होतं. आधी पाण्याला वाट हवी होती.

"गुडघ्यापर्यंत आलं," झरोक्यातून आवाज आला.

चौथ्या बकेटला चर मोकळा झाला आणि लाल पाणी धो धो बाहेर पडलं. थोड्या वेळानं टीचरबाई म्हणाल्या, "उतरतंय. पाणी उतरतंय." मग वयनी दाराकडे वळली. बाजूनं एकेक बकेट माती घ्यायची, बोळीतून सरळ मागे यायचं, अंगणात ओतायची, परत जायचं. बघता बघता चौकटीचा वरचा भाग दिसू लागला. फळीच्या फटीतून टीचरबाईंची बोटं बाहेर आली. लोकांनी एकच गलका केला.

मी कड्याकडे बघत होतो. वर काठावर एक काजूचं झाड होतं. वारा पडलेला होता, तरी त्याचा बुंधा किंचित हलला. मग दोन-चार खडे टपटप खाली आले. क्षणभर माझ्या मनात एक विचार आला, तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. वाटलं, आणखी एकच बकेट, बोटं दिसतायत, नसेलही काही. आणि मग मी दोन्ही हात वर केले.

वयनी त्याच झटक्यात मागे आली. भरलेलं बकेट तसंच घेऊन सरळ अंगणापर्यंत. काजूचं झाड उभंच्या उभं खाली आलं आणि त्याच्यामागून कड्याचा तुकडा. ती जिथे होती तिथे कमरेएवढी माती. फटीतली बोटं दिसेनाशी झाली.

वयनीनं इंजिन बंद केलं. लोडरवरून ती मोठ्यानं ओरडली, "टीचरबाई!"

उत्तर नाही. तिनं पुन्हा हाक मारली.

"हजर आहे," आतून क्षीण आवाज आला. शेवंती तिथंच चिखलात बसून रडायला लागली.

वयनीनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. वरचा सैल भाग पडून गेल्यामुळे कडा आता थोडा तिरपा झाला होता. तरी ती घाई करत नव्हती. एक बकेट, मागे, पुन्हा एक बकेट. शेवटच्या हातभर मातीला तिनं यंत्र लावलं नाही. तिथे फावडी आणि हात. दार फोडून टीचरबाईंना बाहेर काढलं, तेव्हा त्या कपाळापर्यंत लाल मातीनं माखल्या होत्या. त्या चालत सीटवर बसलेल्या वयनीपाशी आल्या आणि तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून उभ्या राहिल्या. वयनीला त्यांच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण तिची बोटं यंत्र चालवायच्या दांड्यांभोवती आखडून बसली होती. शेवंतीनं ती एकेक करून सोडवली.

परतताना टेंपोत ती मला एवढंच म्हणाली, "मी एकदाव वर बघूक नाय. तू बघतलंस, म्हायत हुता."

त्यानंतर दीडेक वर्षानं तिनं एका फाटकाच्या डाव्या खांबाला बकेट घासलं. असं कधी झालं नव्हतं. मग आठवड्यात जास्वंदीची दोन रोपं डाव्या चाकाखाली गेली. ती स्वतःच कुडाळला डॉक्टरकडे गेली. काचबिंदू निघाला. समोरचं स्वच्छ दिसत होतं, पण कडेची नजर गेली होती, आणि ती परत येणार नव्हती.

घरी येऊन तिनं सांगितलं, "उद्यापासून मी बसूचंय नाय." आमचं एक काम संपायला दोनच दिवस उरले होते. मी गळ घातली की वयनी, दोनच दिवस, आम्ही सगळे बाजूला उभे राहतो. ती म्हणाली, "बाबल, माका दिसता तितक्या माका दिसता. जां दिसणा नाय, तां दिसणा नाय ह्यांव माका कळणा नाय. थंय कोण उभो आसलो तर?" ते काम आम्ही उशिरा दिलं.

महिनाभर तिनं मला शिकवलं. खाली उभी राहून, मान सारखी इकडून तिकडे फिरवत. मग पिंगुळीला दिलेली तिची लेक न्यायला आली. आई तिथे असेल तर औषधाचे थेंब वेळेवर पडतील, म्हणाली. वयनीनं विरोध केला नाही. जायच्या दिवशी मी घरी थांबतो म्हटलं, तर तिनं मला कामावर हाकललं.

मी कसालच्या बाजाराशेजारी एका कार्यालयाच्या आवारात माती पसरत होतो, शेवंती माझे कान होऊन बाहेर उभी होती. रिक्षा रस्त्यावर थांबलेली मला दिसली. आत लेक होती आणि कडेला वयनी. तिनं मान बाहेर काढली. माझं बकेट भरून वर गेलेलं होतं. उचललेलं बकेट सोडून कधी खाली उतरायचं नाही, हे तिनंच मला शिकवलेलं. मी बकेट हळूहळू जमिनीला टेकवलं, इंजिन बंद केलं, मांडीवरचा दांडा वर घेतला आणि बकेटवरून पाय टाकून खाली आलो. तोवर मागे गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले होते आणि रिक्षा निघाली होती. वयनीची मान अजून बाहेर होती. ती माझ्याच दिशेनं बघत होती. तिच्या नजरेच्या त्या अरुंद पट्टीत मी होतो की नाही, मला कळलं नाही. मी हात वर केला. रिक्षा वळणावरून गेली. मग मी परत चढलो, कारण हिरवळ अंथरायला बायका येऊन थांबल्या होत्या आणि माती अजून अर्ध्या आवारात पसरायची होती.