राखीव मार्तीनबाई

मार्तीनबाई पाण्यात उतरण्याआधी डोक्याला जिलेटिन फासायची. आमच्या भोपाळच्या टाउनशिपमध्ये ते जेली करायला आणत, त्यामुळे आम्ही चक्रावलोच. केस हलू नयेत म्हणून लावते, म्हणाली. नाकाला चिमटा, ओठांना लाली, आणि मग बुडी! आता हे पोहणं की नाच, देव जाणे.

नवरा फ्रान्सहून आमच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला इंजिनिअर. ही दुपारी, बायकांच्या वेळेत, क्लबच्या तलावावर आम्हा कॉलेजच्या मुलींना गाण्याच्या तालावर, सगळ्यांनी एकसारखं पोहायला शिकवायची. हिंदी तिनं स्वयंपाकिणीकडून उचललेली. "पानी को मारो मत, पानी ने क्या बिगाड़ा?" हे तिचं पालुपद. पाण्याखाली दम कोंडून छाती फुटायची वेळ यायची, आणि वर आलं की म्हणे हसायचं! का, तर "थकान घर की बात है." मला काही झेपायचं नाही, पण जीव मात्र जडला होता तिच्यावर.

ती फ्रान्सच्या संघात होती हे कळल्यावर माझ्या आईनं आपल्या मराठी-हिंदीत विचारलं, "फिर बक्षीस कितने मिले?"

"हम एक्स्ट्रा था. कोई बीमार पड़े तो हम जाएगा."

"फिर?"

"सब की तबीयत अच्छी रहती थी."

आई हसली, मी हसले, तीही हसली. मग तीच म्हणाली, "एक बार पब्लिक के सामने करना है. बस." नवऱ्याचं काम संपत आलं होतं. क्लबच्या वार्षिक समारंभात आम्हा मुलींना घेऊन पोहायचं, असं तिनं ठरवून टाकलं.

ऐन दिवशी आमच्या आया फिरल्या. पुरुषांसमोर, त्या कपड्यांत? "काही नकोत ते थेर," म्हणत आईनं मला साडी नेसवून खुर्चीत बसवलं. असा संताप आला! आठजणींचा कार्यक्रम आणि मार्तीनबाई एकटीच उतरली.

रेकॉर्ड लागली. ती गिरक्या घेई, आणि शेजारी कुणी नसताना शेजारणीपुरती जागा सोडी. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. मग डोकं पाण्यात गेलं आणि नुसते पाय वर राहिले, ताठ. टाउनशिपचा समारंभ म्हणजे फायर ब्रिगेडची माणसं हजर हवीतच, असा नियम. त्यांना या प्रकाराची कल्पना कुणीच दिलेली नव्हती.

"ओ ख़ां, बाई गई!" त्यांच्यातला एक भोपाळी थाटात दुसऱ्याला ओरडला.

दोघे बुटांसकट पाण्यात. एकानं पाय धरले, दुसऱ्यानं कंबर, आणि ओढत तिला काठावर आणलं. कुणीतरी भोंगाही वाजवला. लोकांना वाटलं, हे कार्यक्रमातलंच. टाळ्यांचा नुसता कडकडाट! मोठे साहेबसुद्धा उठून उभे राहिले.

मी साडी सावरत धावले. फायरवाला तिची पाठ थोपटत होता आणि ती खोकत होती. आता ही रडणार की चिडणार, मला काही सुधरेना. तिनं माझा हात घट्ट धरला.

"सब ने देखा ना?"

"हाँ," म्हटलं मी. "सब ने."