शालिकरामचा वर्मा

दुर्ग जिल्ह्यातल्या खुर्सीपारच्या बाजारात शालिकराम ठवकरचं कॉम्प्युटरचं दुकान वीस वर्षांपासून आहे. वडील भंडाऱ्याकडून येऊन इथल्या पोलादाच्या प्लांटात लागले, शालिकराम मात्र नोकरीच्या वाटेला गेला नाही. त्याने ठेकेदारांसाठी हजेरीचं सॉफ्टवेअर बनवलं. कोणता मजूर कोणत्या पाळीला आला, कोणाचा गेटपास कधी संपतो, सगळं त्यात. त्याला पेनड्राइव्हसारखी एक किल्ली होती. ती लावल्याशिवाय प्रोग्राम उघडत नसे. आत काय लिहिलंय ते शालिकरामशिवाय कोणी पाहिलेलं नव्हतं. ठेकेदाराला एवढासा बदल हवा असला तरी दुकानात येऊन बाकावर ताटकळावं लागे. त्यांच्या त्या ताटकळण्यात शालिकरामला आपलं मोठेपण दिसे.

मग त्याचा साडभाऊ राजकुमार या धंद्यात उतरला.

राजकुमार म्हणजे शालिकरामच्या बायकोच्या, बेबीताईच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. कुरुदला राहणारा, बोलका, जरा गबाळा. त्यानेही हजेरीचंच सॉफ्टवेअर केलं आणि ओपन सोर्स म्हणून इंटरनेटवर मोकळं सोडलं. ज्याला हवं त्याने घ्या, उघडून बघा, बदला. ऐकून शालिकराम पोट धरून हसला होता. "फुकट वाटून राहिला! घर कशानं चालवीन हा?"

पण घर चाललं, चांगलं चाललं. राजकुमारचा फेसबुकवर ग्रुप होता, त्यात तो रोज हिंदीत दोन मिनिटांचा व्हिडिओ टाकायचा. राउरकेला, चंद्रपूरकडचे लोक सॉफ्टवेअर उतरवून घेत, चुका सांगत, काही जण स्वतःच दुरुस्त करून पाठवत. सॉफ्टवेअर फुकट असलं तरी ते बसवून द्यायला, ठेकेदाराकडे हजेरी लिहिणाऱ्या मुनशीला शिकवायला, आपल्या सोयीने बदलून घ्यायला माणूस लागतोच. त्याचे पैसे लोक खुशीने देत, आणि बोलावत राजकुमारलाच.

सेक्टर दहात नात्यातल्या एकाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. शालिकरामचे सर्वात जुने गिऱ्हाईक भय्याजी ठेकेदार हातात ताट घेऊन आले, शालिकरामला उभ्या उभ्या राम राम घातला आणि जाऊन बसले ते राजकुमारच्या शेजारी. दोघं कशावर तरी मोठ्याने हसले. शालिकरामने बुंदी तशीच ताटात ठेवली.

"चाल, डोकं दुखून राहिलं माझं," तो बेबीताईला म्हणाला.

स्कूटरवर मागून बेबीताई म्हणाली, "डोकं नाही दुखत तुमचं. पोट दुखते."

दुसऱ्या दिवशी शालिकरामने 'दीपक वर्मा' या नावाने खोटं खातं उघडलं, डोंगराचा एक फोटो लावला आणि राजकुमारच्या ग्रुपात शिरला. सगळा कोड उतरवून घेतला आणि तांदूळ निवडावेत तसा ओळ न् ओळ निवडत बसला. कोड चांगला होता, हेच मोठं दुःख. एका ठिकाणी तर तोंडातून नकळत 'वा' निघालं, आणि त्याचा त्याला आणखीच राग आला. पाचव्या दिवशी खडा सापडला. महिन्याच्या शेवटच्या तारखेला रात्रपाळीवर चढून एक तारखेच्या सकाळी उतरणाऱ्या मजुराची हजेरी ना या महिन्यात लागत होती, ना पुढच्या.

वर्माने ग्रुपात लिहिलं, "हे सॉफ्टवेअर मजुराची हजेरी खातं. असल्या फुकटच्या मालावर भरोसा ठेवू नका."

आता पडझड होईल म्हणून शालिकराम मोबाइलकडे बघत बसला. दहा मिनिटांत राजकुमारचं उत्तर आलं, "वर्माजी, अगदी बरोबर. चूक माझी. दुरुस्ती तुम्हीच पाठवता का?"

दाखवतोच तुला, म्हणत शालिकरामने दुपारपर्यंत दुरुस्ती पाठवली. राउरकेल्याच्या एकाने ती तपासली, संध्याकाळी ती सगळ्यांकडे गेली. सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांच्या यादीत दीपक वर्मा हे नाव चढलं. शाबासक्यांचा पाऊस पडला. चंद्रपूरच्या एका ठेकेदाराने तर वर्माला निरोपच पाठवला: आमच्याकडे येऊन बसवून द्याल का, नंबर द्या. वीस वर्षांत दुर्ग जिल्ह्याबाहेरून शालिकरामला कोणी बोलावलं नव्हतं. पण नंबर देणार कोणाचा?

आठवड्याने भय्याजी दुकानात आले आणि किल्ली टेबलावर ठेवून म्हणाले, "आता हे नाही लागत, शालिकराम. राजकुमारच्या ग्रुपात एक वर्मा हाये, काय डोकं हाये त्याचं! तुमच्याहून भारी."

क्षणभर शालिकरामला त्या वर्माचा खराखुरा द्वेष वाटला. ना दुकान, ना घरदार, पंधरा दिवसांपूर्वी जन्मलेला माणूस, आणि सगळा मान त्याला!

रविवारी राजकुमार घरी आला. चहा झाल्यावर म्हणाला, "भाऊ, चंद्रपूरवाला मले विचारून राहिला, वर्माजी जवाब कावून देत नाहीत. काय सांगू त्याले?"

"मले काय विचारतं?"

"तुमीच त वर्मा."

बेबीताई ओले हात पदराला पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली.

"कोडमंधी मराठीत 'उरलेली हाजरी' असं नाव देणारा वर्मा कोणता असन, भाऊ?" राजकुमार हसला.

"कधीपासून माहीत होतं तुले?"

"तुमची दुरुस्ती आली तवापासून."

"मंग बोलला कावून नाही?"

"काम चांगलं होतं."

टोमणा मारला असता तर भांडता आलं असतं. हा चांगुलपणा शालिकरामच्या जिव्हारी लागला. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या नावाने ग्रुपात एकच ओळ टाकली, "वर्मा मीच." काही जण हसले. यादीत वर्माच्या जागी शालिकराम ठवकर हे नाव आलं. राउरकेलावाल्याने लिहिलं, नाव काहीही असो, आता सुट्ट्यांचा हिशेब जरा बघा.

शालिकराम चंद्रपूरला गेला. तीन दिवस राहून त्याने राजकुमारचं सॉफ्टवेअर बसवलं, तिथल्या मुनशीला शिकवलं. रोज सकाळी पडदा उजळला की घडवणाऱ्यांच्या यादीत वर राजकुमारचं नाव, बरंच खाली त्याचं. तो दरवेळी दुसरीकडे बघायचा आणि तरीही ते वाचायचा.

तिसऱ्या दिवशी मुनशीने विचारलं, "हे राजकुमारजी तुमचे कोण?"

"साडभाऊ," शालिकराम म्हणाला, आणि कोणी विचारलं नसताना पुढे जोडलं, "माझ्याहून लहान हाये."