आत्यानं तपासलेला तपकिरी पंप

नववीत असताना मला जगात एकच गोष्ट हवी होती: कृष्णराजनगरच्या सामन्यात शाळेकडून खो-खो खेळायचं. आडवा आला दमा. जरा पळापळ झाली की छातीत सूं सूं सुरू, आणि खेळाच्या बाई म्हणायच्या, "बस गं तिकडे सावलीत." त्या सावलीचा मला असा संताप यायचा की काय सांगू!

नजरबादच्या डॉक्टरीणबाईंनी दोन पंप लिहून दिले. निळा, दम लागला की ओढायचा. तपकिरी मात्र सकाळ-संध्याकाळ, काही होत नसलं तरी, आणि ओढून झाल्यावर खळखळून चूळ. "सामन्याला दोन महिने आहेत. तपकिरी नेमानं घेतला आणि छाती स्वच्छ झाली, तरच खेळायची चिठ्ठी देईन," असं त्यांनी कन्नडात ठणकावलं.

घरात औषधपाणी सगळं आत्याच्या ताब्यात. वडिलांची ही थोरली बहीण आमच्याकडेच राहायची आणि आईसकट सगळ्यांना धाकात ठेवायची. आमचं घराणं रंगाऱ्यांचं. कापड रंगवायचा धंदा कधीच बंद पडला होता, पण आत्याचं लहानपण रंगाच्या हंड्यांपाशी गेलेलं. हळद असो, कुंकू असो, नवा साबण असो, पांढऱ्या फडक्यावर घासून, धुऊन बघितल्याशिवाय ती काही घरात घ्यायची नाही. पंपांचीही तीच गत. तिनं तपकिरी पंप फडक्यावर दाबला. एकदा, दोनदा, पाचदा. फडकं कोरं करकरीत!

"अय्यो, डागसुद्धा नाही! नुसता डबा तपकिरी. सुम्ने, उगीच आपली हवा भरून विकतायत, आणि तुम्ही शिकलेली माणसं विकत घेताय!"

निळ्याचाही डाग पडला नव्हता, पण त्यानं पाच मिनिटांत माझा दम बसवला, म्हणून त्याला माफी. तपकिरीनं आठवडाभरात काहीच करून दाखवलं नाही. आत्यानं तो उचलून फडताळात टाकला. आईला वाटायचं, आत्या देतेय. मला चूळ भरायचा कंटाळा होताच, मीही तोंड मिटून बसले. दोघी मिळून मोठ्या शहाण्या!

महिन्याभरात निळा पंप संपत आला. दप्तर उचललं तरी दोन फवारे लागायचे, म्हणून आत्या मला पुन्हा दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी पंप कानाशी हलवून बघितला आणि भुवया चढवल्या. "तपकिरी कुठंय?" मी आत्याकडे पाहिलं. आत्या सरळ बाई, लपवाछपवी तिला जमायची नाही. तिनं फडक्याची सगळी हकिगत सांगितली आणि वर विचारलं, "ज्याचा गुण दिसत नाही ते पोरीला का म्हणून द्यायचं?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. हिच्या श्वासाच्या नळ्या आतून सुजल्यात, म्हणाल्या. निळा त्या घटकाभर उघडतो, पण सूज तशीच राहते. सूज उतरवतो तो तपकिरी, रोज थोडी थोडी, आणि ते वरून कुणाला दिसत नाही. "आज चिठ्ठी मागाल तर मी नाही म्हणेन."

परतताना बसमध्ये मी आत्याकडे पाठ करून बसले. तिचं तोंड एवढंसं झालेलं. उतरायच्या जरा आधी ती आपणहून म्हणाली, "आमचे बाबा कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजत टाकायचे. काढलं की कोरंच दिसायचं. हे कशाला, म्हणून मी विचारायची. ते म्हणायचे, हे चुकवलंस तर वरचा रंग पहिल्या धुण्यात जाईल. मला कळायला हवं होतं गं. माझीच चूक."

आत्याच्या तोंडून 'माझी चूक' मी तेवढी एकदाच ऐकली. रागावणार तरी किती?

दुसऱ्या दिवसापासून एक वेळ सूर्य चुकेल, आत्या चुकायची नाही. नवा तपकिरी पंप, माझी मान वर, "ओढ, धर, सोड," आणि चूळ भरेपर्यंत दारात पहारा. हळूहळू जिना चढताना थांबावं लागेना. सामन्याच्या दोन दिवस आधी डॉक्टरीणबाईंनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि चिठ्ठी लिहिली. पळायच्या आधी निळ्याचे दोन फवारे घ्यायचे, एवढीच अट.

मैदानाच्या कडेला भाताच्या पेंढ्यांच्या गंजी, हवेत भुसकट. आत्या पहिल्या रांगेत, मुठीत निळा पंप घट्ट धरून. मी जीव खाऊन पळाले. तिघींना बाद केलं, चौथी खांबापाशी हातातून निसटली, आणि आम्ही एका गुणानं हरलो.

मी तिथंच बसकण मारून भोकाड पसरलं. एरवी दोन हुंदक्यांत छाती वाजायला लागायची आणि रडणं अर्धवट टाकून पंप शोधावा लागायचा. खेळाच्या बाई समजूत घालायला धावल्या. त्यांना हातानं बाजूला सारून आत्यानं माझ्या पाठीला कान लावला.

"कुणी गप्प करू नका हो तिला!" ती ओरडली. "किती वर्षांनी पोर पोटभर रडतेय!"

आणि माझ्याशेजारी धुळीत बसून तीही रडायला लागली.