पाटावरची वाळू

आमच्या धुळ्यातल्या बाजाररस्त्याखाली खारी नावाची नदी आहे, असं नव्या माणसाला सांगितलं तर तो आपल्याकडेच संशयानं बघतो. वर स्लॅब पडला, स्लॅबवर मोबाइलची दुकानं आली, आणि आम्ही सगळे सोयीस्करपणे विसरून मोकळे झालो. विसरली नाही ती एकटी द्रौपदाअक्का.

तिला विसरणं परवडणारं नव्हतं. तिची पहिली मुलगी दात यायच्या आधीच गेली. इतक्या लहान लेकराला जाळत नाहीत, म्हणून खारीच्या काठी वाळूत पुरलं. "नदी शे आठे," अक्का दिसेल त्याला सांगायची, "लोके इसरी गयात तं मनी पोर रस्ताखाले ऱ्हाई." रिक्षावाले, शाळकरी पोरं, भाजी घेणारं गिऱ्हाईक, कुणी सुटत नसे. लोक मान हलवून सटकायचे. काही तर तिला लांबून बघूनच रस्ता बदलायचे.

श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसली की अक्काला जोर चढे. सोमवारी कानबाईला नदीवर पोचवायचं आणि रिकाम्या पाटावर नदीची वाळू घरी आणायची, ही आमच्याकडची रीत. बाकीची गल्ली वाजतगाजत पांझरा नदीवर जाई. अक्का मात्र डोक्यावर पाट घेऊन भर रहदारीत थांबे, गटाराच्या जाळीतून तांब्याभर पाणी सोडे आणि जमलेल्यांना खारीचं नाव सांगे. मागे हॉर्न वाजत राहत. तिचा पाट तेवढा रिकामा घरी येई, आणि ते तिला फार लागे.

यंदा तिचे गुडघे गेले. शेजारची डिंपल तिची कानबाई घेऊन गेली, आणि म्हातारीला बरं वाटावं म्हणून येताना कुठल्याशा बांधकामावरून पाटभर वाळू घेऊन आली.

"अक्का, आपली खारीनी वाळू."

अक्कानं वाळूत बोटं घातली. कोरडी, चाळलेली वाळू.

"कठली शे?"

डिंपलला खोटं रेटता येईना. "ट्रकमातली. तापीनी व्हई."

आता ही पाट भिरकावणार, असं मला वाटलं. पण अक्का हलक्या हातानं वाळू सारखी करत राहिली.

"जठली शे तठे टाकी ये, बेटा," शेवटी ती म्हणाली. "तठे बी कोनी तरी पोर व्हई."