टोंगलूच्या दारातला सडा

मंगलाताईंचा जन्म कलकत्त्याचा. भवानीपुरातल्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला आणि मासळीबाजारातून नाक न दाबता जायलाही त्या शिकल्या. पण सकाळी उठून दाराबाहेर पाणी शिंपडायचं, वर बोटभर रांगोळी घालायची, हे आईनं लावलेलं वळण काही सुटलं नाही. तिसऱ्या मजल्यावर दारापुढे जागा ती केवढीशी! शेजारचे घोषबाबू बिचारे रांगोळीला वळसा घालून जिना उतरत.

वैदेही त्यांची जुनी मैत्रीण, लग्न होऊन साताऱ्याहून इकडे आलेली. गेल्या वर्षी ती न्हाणीघरात घसरली आणि घोटा मोडून बसली. हाड जुळलं, धीर काही जुळेना. भाजी आणायलाही ती बाहेर पडेना. मंगलाताईंनी तिला हाताला धरून आधी जिना उतरवला, मग तळ्याकाठी फिरवलं, आणि हिवाळा येताच सियालदह स्टेशनात दार्जिलिंगकडच्या गाडीत बसवलं.

"कांचनजंगा बघायचा म्हणजे बघायचा. वाट सोपी आहे."

"सोपी तुला गं. न्हाणीघरही सोपंच होतं."

पायवाटेवरचा पहिला मुक्काम दार्जिलिंगच्या वरच्या अंगाला, टोंगलूच्या डोंगरावर एका घरी पडला. पहाटे वैदेही रजईत गुरफटलेली होती. मंगलाताईंनी बादलीवरची बर्फाची साय फोडली, दारातल्या फरशीवर पाणी शिंपडलं, पुडीतल्या रांगोळीचं कमळ काढलं, डोंगराला हात जोडले आणि आत जाऊन चुलीपाशी चहा घेत बसल्या.

उजाडलं तसं शिखर सोन्यासारखं पिवळं झालं. "वैदेही, ऊठ! बघ तरी!" असं ओरडत त्या बाहेर धावल्या, आणि स्वतःच्याच सड्यावरून सरकून अंगणात धाडकन आदळल्या.

वैदेही दारात आली. दोघींच्या मध्ये गोठून काचेसारखी झालेली फरशी.

"येऊ नकोस!" मंगलाताई कळवळून म्हणाल्या. ही आता पुन्हा पडली, तर जन्मात उंबरा ओलांडायची नाही.

वैदेही आत वळली. झालं, वर्षाची मेहनत पाण्यात गेली, असं मंगलाताईंना वाटलं. तेवढ्यात ती परत आली. बुटांवर लोकरीचे मोजे चढवलेले, हातात चुलीतल्या राखेचं घमेलं. मूठ मूठ राख पसरत, पाऊल सपाट टेकवत ती आली आणि तिनं मंगलाताईंना काखेत हात घालून उठवलं.

"हे कुठे शिकलीस?"

"वर्षभर दुसरं काय केलं मी? कसं पडायचं नाही, एवढाच विचार. कुठे लागलं?"

"सांगण्यासारखी जागा नाही."

"आणि इथे पाणी कुणी सांडलं?"

"सांडलं नाही गं. सडा घातला."

वैदेही हसता हसता खालीच बसली. "अगं बाई! देव यायचा तो घसरून खाली दार्जिलिंगला पोचायचा!"

दुखणं मुक्या माराचंच निघालं. पण पुढे निघाल्यावर घरामागचा सावलीतला चढ लागला, तिथेही वाटेवर बर्फ चकाकत होता, आणि मंगलाताईंचे पाय जागचे हलेनात. म्हणजे हिला वर्षभर रोज हे असं होत होतं. आणि आपण तिला 'चल गं, काही होत नाही' म्हणत खेचत होतो.

"वैदेही, मागे फिरू या का?"

 वैदेहीनं पिशवीतला मोज्यांचा दुसरा जोड काढला, ती वाकली, आणि स्वतःच्या हातानं तिनं तो त्यांच्या बुटांवर चढवला.

"गुडघे सैल सोड. पाऊल छोटं टाक. बदकासारखं चालायचं, लाजायचं नाही. फिरायचं असेल तर त्या वळणावरून फिरू, इथून नाही."

तिनं आपला दंड पुढे केला. मंगलाताईंनी तो दोन्ही हातांनी धरला आणि ओठातल्या ओठात रामनाम घेत पाऊल उचललं.

"मोठ्यानं म्हण की," वैदेही वाटेवरची नजर न काढता म्हणाली. "मलाही भीती वाटतेय."