आक्काचा शब्द

आक्का गेल्याची बातमी भर वैशाखात, दुपारी आली. फोनवर माझा थोरला मुलगा होता. "आई, काकू गेली," एवढंच म्हणाला. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. आता महिना होऊन गेला, तरी ऊन चढलं की जिवाला घोर लागतो.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. हाच थोरला तेव्हा तीन महिन्यांचा होता. माहेरचं बाळंतपण उरकून मी सासरी निघाले होते आणि मला न्यायला सासूबाई नि आक्का आल्या होत्या. चुडाव्याला रेल्वेतून उतरलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता. ऊन कलेपर्यंत स्टेशनात थांबावं, तर संध्याकाळी अमावास्या लागणार. त्याआधी बाळ घरात हवं, असा सासूबाईंचा हुकूम. बैलगाडी निघाली. बाळाच्या अंगात झबलं, डोक्यावरून अस्तराची जाड कुंची, वर दुपटं. वेशीवर भाकरतुकडा ओवाळून टाकेपर्यंत त्याचं तोंड उघडं करायचं नाही, ही आमच्या घराण्याची रीत. सासूबाई नजरेला इतक्या भ्यायच्या, की उन्हाला भ्यायला त्यांना सवडच नव्हती!

आधी पोर रडत होतं. मग कुरकुरायला लागलं. मग गप झालं. झोपलं बाई एकदाचं, असं सासूबाई म्हणाल्या. मी दुपट्याखाली हात घातला, तर अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. सासूपुढे बोलायची आमची प्राज्ञाच नव्हती... आक्कानं माझा चेहरा पाहिला आणि गाडी थांबवायला लावली. सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. नजर लागून लेकराचं काही झालं तर कुणाच्या तोंडाकडे बघायचं, असं विचारलं. आक्काची तान्ही मुलगी मागच्याच वैशाखात गेली होती.

"आत्याबाई, माझी बी अशीच गप झाली व्हती," आक्का म्हणाली. "देवाला शब्द देते, हे जगलं तर जन्मात हात लावणार न्हाई त्याला. आत्ता सोडा मला."

सासूबाईंची पकड सुटली. आक्कानं कुंचीचे बंद तोडले, बाळाला निंबाखाली उघडं केलं आणि तांब्यातल्या पाण्यानं पदर भिजवून त्याचं अंग पुसत राहिली. मला पाजायला बसवलं, पण तो तोंडच उघडेना. मी देवाचं नाव घेत होते, ती ओल्या पदरानं वारा घालत होती... किती वेळ गेला कोण जाणे. मग त्याचे ओठ हलले आणि तो प्यायला लागला. मी हमसून हमसून रडले. आक्का उठली आणि गाडीच्या पलीकडे जाऊन बसली.

बोललं ते तिनं पाळलं. पुढे सासूबाई गेल्या, थोरल्याला पोरं झाली. मी कितीदा म्हटलं, पुरे की आता, कोण बघायलंय? ती हसायची आणि म्हणायची, ज्याला शब्द दिला तो बघतोय. उन्हाळ्यात मात्र रोज दुपारी उंबऱ्याबाहेर उभी राहून विचारायची, "पोरगं गार हाय का?" पोरग्याची दाढी पिकली, तरी तिचं विचारणं काही सुटलं नाही.

शेवटच्या दिवशी तो तिच्या उशाशी बसला होता, त्यानंच मला मागाहून सांगितलं. तिचा हात हातात घ्यायला गेला, तर अंगात त्राण नसताना तिनं तो पदराखाली ओढून घेतला. तिरडीवर ठेवल्यावर त्यानं स्वतः तिचे दोन्ही हात उचलून छातीवर जुळवले. तेव्हा तिला ते मागे घेता आले नाहीत.